आधी तोंड धुऊन ये

आमच्या फोनवर येणाऱ्या बातम्या बहुतेक दुसऱ्यांच्या असत.

सुरतेत, उधन्यात आमचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याने पुढची खोली मोकळी करून तिथे एसटीडी-पीसीओ सुरू केला. तो स्वतः पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये सुपरवायझर, सकाळीच घर सोडायचा. त्यामुळे बूथ माझाच. काचेची एक केबिन, आत स्टूल, बाहेर माझं टेबल आणि त्यावर लाल आकडे पळवणारं मीटर. भिंतीपलीकडे लूमची खाती. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. ती दिवसरात्र चालायची आणि त्यांत उभे राहणारे निम्मे लोक आमच्या खानदेशातले होते: शिंदखेड्याचे, दोंडाईचाचे, नंदुरबारचे. गावी गेले की हे कारीगर आमचा नंबर घरी देऊन यायचे. गावात ज्या कुणाकडे फोन असेल तिथून घरची माणसं आम्हाला निरोप सांगायची आणि मी तो पोचवायचा. याला सगळे पीपी नंबर म्हणत. पीपी म्हणजे काय ते मला कधीच कळलं नाही.

निरोप सगळ्या तऱ्हेचे असायचे. मुलगा झाला, म्हैस व्याली, सुपारी फुटली. आणि कुणीतरी गेलं. मी तेव्हा पंचविशीतली, माहेरी लाडात वाढलेली. टीव्हीवर कुणी रडलं तरी माझे डोळे भरून यायचे. मयताचा पहिला निरोप आला तो एका तरुण कारीगराची आई गेल्याचा. फोन ठेवला आणि मला हुंदकाच फुटला. तशीच पदराने नाक पुसत बाहेर निघाले, तर सासूबाईंनी मागून दंड धरला.

"कथी चालनी?"

"खात्यात. सांगायला."

"हाई तोंड लीसन?"

सासूबाई घरात शेवटपर्यंत अहिराणीच बोलल्या. त्यांनी मला मोरीकडे वळवलं. "तो मशीनवर उभा शे. तुन्हं तोंड दखीसन त्याले सगळं समजी जाई. मंग त्याना हात कोठे जाई? आगोदर तोंड धव. पानी पी. त्यानी मशीन बंद कराले लाव, बाहेर बसाड, मंग सांग."

मी तोंड धुतलं, पाणी प्याले, गेले. त्याचा लूम बंद करायला लावला, त्याला बाहेर ओट्यावर बसवलं आणि मग सांगितलं. तो ओरडला आणि भिंतीवर कपाळ आपटायला लागला. मी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. धरता धरता मनात आलं, की आत्ता मीही रडत असते तर आम्हा दोघांना धरायला तिसरं माणूस शोधावं लागलं असतं.

पुढे अशा निरोपांची सवय झाली. सवय म्हणजे मन निबर झालं असं नाही. पण कळून आलं, की बातमी सांगून गप्प बसलं तर माणूस तिथेच खचतो. तिच्यापाठोपाठ "आता पॅसेंजर मिळेल, सोबत तुझा मावसभाऊ येतोय, चार कपडे घे" असं काहीतरी करण्याजोगं हातात दिलं तर तो निदान उठून उभा राहतो. एखादा कारीगर केबिनमध्ये फोनवर रडायला लागला की मी काचेवर टकटक करून म्हणायची, "भाऊ, आधी विचारून घ्या, मग रडा." लोकांना ते कठोर वाटत असेल. पण रडून बाहेर आल्यावर "अंत्यविधी कधी आहे ते विचारायचं राहिलं" असं म्हणत पुन्हा रांगेत उभी राहिलेली माणसं मी पाहिली होती.

हे सगळं अर्थात दुसऱ्यांच्या बातम्यांबद्दल.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. त्याचा स्वतःचा टेम्पो होता. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजारातून सुक्या मिरच्या भरून तो सुरतेला आणायचा. माल उतरवायच्या आधी आमच्या गल्लीत टेम्पो उभा करून जेवायला यायचा, आणि तो जेवून उठेपर्यंत अख्खी गल्ली शिंकत असायची. शेजारची गुजराती काकी नाकाला पदर लावून ओरडायची, "तारो भाई आव्यो के?" त्याची तिला गंमतही वाटायची, कारण जाताना तो तिच्या दारात ओंजळभर मिरच्या ठेवून जायचा.

त्या दिवशीही तो येणार होता. मी शेवभाजी केली होती, भाकऱ्या त्याच्यासमोर गरम टाकायच्या म्हणून पीठ तसंच ठेवलं होतं. दुपार व्हायला आली होती. फोन वाजला, मी नेहमीसारखा उचलला. पलीकडे भावाचा भागीदार होता. तो त्याच्याबरोबरच टेम्पोवर असायचा. पण आवाज त्याचा वाटेना.

"ताई, टेम्पो पलटी झाला... ताई, भाऊना पाय... ताई..."

पुढे नुसतं रडणं. मीही "काय? काय झालं? अरे देवा, काय झालं?" एवढंच म्हणत राहिले. तो रडत होता, मी ओरडत होते, आणि मग फोन कट झाला.

हातात रिसीव्हर तसाच. टेम्पो कुठे पलटी झाला, मला माहीत नव्हतं. भाऊ जिवंत आहे का, माहीत नव्हतं. त्याला कुठे नेलंय, भागीदार कुठून बोलत होता, काही काही नाही. वर्षानुवर्षं काचेवर टकटक करून लोकांना जे सांगत आले, ते माझ्या वेळेला मला आठवलंसुद्धा नाही. मी खाली फरशीवरच बसले आणि रडायला लागले.

सासूबाई आतून आल्या. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण जवळ बसल्या नाहीत. टेबलाशी जाऊन रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. तो माझ्या हातातून सुटून लोंबकळत राहिला होता. आणखी थोडा वेळ तसाच राहिला असता तर परत फोन आलाच नसता. मग म्हणाल्या, "तो पोऱ्या परत फोन करी. मंग काय इचारशी?"

"मला नाही विचारता येणार. तुम्ही बोला."

"माले तुन्हा फोनमधलं काही समजत नई. तूच इचारशी. ऊठ, तोंड धुईसन ये."

मी उठले. मोरीत थंड पाण्याचे हबके मारले. माणसाचं अंग विचित्र असतं. डोक्यात काहूर माजलेलं असतानाही गार पाणी मानेवरून उतरलं की श्वास आपोआप खोल जातो. मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणायला लागले, "कुठे आहात. तो बोलतोय का. कुठे नेताय. डॉक्टर काय म्हणाले." पुन्हा तेच. शाळेत पाढे पाठ करतो तसं. प्रत्येक वेळी "तो बोलतोय का" या प्रश्नाशी मी अडायची. मग तोच प्रश्न पुन्हा म्हणायचा. हळूहळू तो बाकीच्यांसारखा एक प्रश्न झाला.

बाहेर आले तर एक कापड दलाल केबिनमध्ये शिरत होता. रोजचं गिऱ्हाईक, घाईचा माणूस. मी म्हटलं, "आज फोन नाही मिळणार. लाइन मोकळी हवी आहे."

"अरे बेन, बे मिनिटनुं काम छे!"

दुसऱ्या कुठल्या वेळी मी त्याच्यावर खेकसले असते किंवा त्याच्यासमोर रडले तरी असते. त्यातलं काहीही केलं असतं तर तो तिथेच उभा राहून वाद घालत किंवा चौकशी करत बसला असता. मी एवढंच म्हटलं, "माझ्या भावाचा अपघात झालाय, त्याच्या फोनची वाट बघतेय." तो तसाच मागे सरला. बाहेर जाऊन त्याने आपल्या हाताने शटर अर्धं खाली ओढलं आणि पायरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवू लागला.

फोन पुन्हा आला. तोच भागीदार, पुन्हा रडत. "ताई..."

"रडू नकोस," मी म्हटलं. तो आवाज माझाच होता, पण मला तो काचेबाहेरून ऐकल्यासारखा वाटला. "नंतर आपण दोघं मिळून रडू. आधी सांग, कुठे आहेस?"

"व्यारा. दवाखान्यात."

"तो बोलतोय का?"

"बोलतोय. पाणी मागतो."

या उत्तरावर माझ्या डोळ्यांत पाणी आलंच. पण आवाजात येऊ दिलं नाही, कारण पुढचं विचारायचं होतं. सोनगडच्या अलीकडे समोरून ट्रक आला, टेम्पो रस्त्याखाली गेला, भावाचा डावा पाय केबिनच्या पत्र्यात सापडला. मागची मिरच्यांची पोती फुटून त्याच्या अंगावर आली. जखमेत, डोळ्यांत, सगळीकडे मिरची. लोकांनी बाहेर काढलं तेव्हा तो पायापेक्षा डोळ्यांसाठी ओरडत होता. व्याऱ्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून सांगितलं होतं, इथे ठेवू नका, सुरतेच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्या. गाडी निघतच होती.

"डॉक्टरांना फोन दे."

डॉक्टर घाईत होते, पण नीट बोलले. रक्त खूप गेलंय, म्हणाले. तिथे पोचल्याबरोबर रक्त लागेल. बदल्यात रक्त देणारी माणसं तयार ठेवा, कुठल्याही गटाची चालतील.

फोन ठेवला. गाडी पोचायला दीडदोन तास. या दीडदोन तासांत रडायचं की माणसं गोळा करायची, असा विचारही मी केला नाही खरं तर. पण आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्यासमोर निवड नेमकी तीच होती.

मिलमध्ये फोन करून नवऱ्याला बोलावलं. तो स्कूटरवरून आला तो तापलेलाच. "याला शंभरदा सांगितलं होतं, उजाडायच्या आधी निघू नको म्हणून! आणि तो भागीदार काय करत होता? झोपला असेल शेजारी!" त्याचा स्वभाव असा की घाबरला की तो चिडतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला ते कळत नव्हतं. त्याच्या चिडण्यावर मी चिडायची आणि दोघांचीही भीती तशीच राहायची. त्या दिवशी मी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याला शांत हो असंही म्हटलं नाही. चिडलेल्या माणसाला शांत हो म्हटलं की तो आणखी चिडतो. मी म्हटलं, "तुम्ही आत्ता हॉस्पिटलच्या गेटवर जाऊन उभे राहा. गाडी आली की स्ट्रेचर हजर पाहिजे. ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." तो लगेच निघाला. त्याच्या आवाजाचा तिथे उपयोगच होता.

मी खात्यात गेले.

लूमच्या खात्यात बोलणं ऐकू येत नाही. माणसं खुणांनी बोलतात किंवा कानाशी तोंड नेऊन ओरडतात. दारात उभी राहिले तसे चारसहा जणांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मी दारात आले म्हणजे कुणाचातरी निरोप, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आज आपली पाळी. मी हाताने सगळ्यांनाच खूण केली, बाहेर या.

शेठ ऑफिसातून धावत आला. "शुं थयुं? बधाने केम बोलावे छे?"

मी त्याला गुजरातीतच सांगितलं, भावाला रक्त लागणार आहे, चारपाच माणसं संध्याकाळपर्यंत द्या. तो कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. एकदम एवढे लूम बंद ठेवणं त्याला जड जाणार होतं. मी विनवणी केली नाही. फक्त उभी राहिले. शेवटी तो म्हणाला, "जे जवा मागे ते जाय," म्हणजे ज्याला जायचं असेल त्याने जावं.

पण जायला तयार कोण होणार? आमच्या लोकांत तेव्हा रक्त द्यायची मोठी भीती. रक्त दिलं की ताकद जाते, मग बारा-बारा तास लूमवर कसं उभं राहायचं, असं सगळ्यांना वाटायचं. मी रडत गेले असते तर त्यांना खूप वाईट वाटलं असतं. त्यांच्या बायका जमल्या असत्या, कुणी पाणी दिलं असतं, कुणी पाठीवरून हात फिरवला असता, दुपारभर मला एकटं सोडलं नसतं. सांत्वन भरपूर मिळालं असतं. मला रक्त हवं होतं.

म्हणून मी त्यांच्याशी अहिराणीत, साध्या आवाजात बोलले. भाऊ कोण, काय झालं, किती वेळात पोचेल. एक छोटी बाटली घेतात, चहा-बिस्किट देतात, दुसऱ्या दिवशी माणूस कामाला उभा राहतो. माझ्या नवऱ्याने दोनदा दिलंय. तो कसा ओरडतो ते तुम्ही ऐकताच, असंही म्हटलं. यावर दोघंतिघं हसले. हसले आणि भीती थोडी ढिली झाली. पहिला पुढे आला तो सगळ्यांत वयस्कर, पान चघळत. म्हणाला, "चाल माय, मन्हं रंगत बी लाल शे का ते तरी दखू." त्याच्या मागून आणखी आले. शेठचा मुनीमही आला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

हॉस्पिटलात भाऊ पोचला तेव्हा शुद्धीवर होता. डोळे सुजून बंद, ओठ पांढरे. गाडीतून उतरवताना मिरचीचा खकाणा असा आला की वॉर्डबॉय खोकत मागे सरले. मला हुंदका आला की मिरचीचा ठसका, हे माझं मलाच कळलं नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय तपासला आणि आम्हाला बाजूला घेतलं. गुडघ्याखाली काही शिल्लक नाही, म्हणाले. कापावा लागेल. सही कोण करणार?

नवरा म्हणाला, "त्याचे आईवडील येऊ देत. पाय कापायचा म्हणजे काय चेष्टा आहे? त्याचं लग्न व्हायचंय अजून!" आवाज चढत होता, लोक बघायला लागले होते. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं, "थांबलो तर काय होईल?"

"विष अंगात चढेल. उद्यापर्यंत पाय नाही, जीवच धोक्यात येईल."

"आणि पाय वाचायची काहीच शक्यता नाही?"

"नाही."

मी हेच दोन प्रश्न पुन्हा विचारले. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही. पहिल्यांदा फक्त कानांनी ऐकलं होतं. डॉक्टर वैतागले नाहीत, तेच उत्तर त्यांनी सावकाश पुन्हा दिलं. मग मी भावाकडे गेले. स्ट्रेचरवर तो माझा पदर चाचपडत होता.

"ताई, पाय राहील ना?"

त्या क्षणी 'हो' म्हणणं सगळ्यांत सोपं होतं. तो शांत झाला असता, मलाही बरं वाटलं असतं. पण उठल्यावर त्याने कुणावर विश्वास ठेवायचा?

"पाय नाही राहणार," मी म्हटलं. "तू राहशील. मी सही करतेय."

त्याने तोंड फिरवलं. मी तिथेच, त्याच्या शेजारी, सही केली. हात एवढा थरथरत होता की अक्षरं एकमेकांवर चढली. पण हात थरथरतोय म्हणून सही अडत नाही, हे तेव्हा कळलं. मला तोवर वाटायचं, आधी भीती जायला हवी, मग माणूस काम करतो. भीती काही जात नाही. तिला बरोबर घेऊनच करावं लागतं.

भाऊ वाचला.

आई-आबा दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने आले. गावाला सरपंचांकडे मीच फोन केला होता आणि आबांना बोलावून घेऊन सगळं खरं सांगितलं होतं. पाय गेलाय, जीव आहे, या. आई वॉर्डात आली, पांघरुणाखालचा सपाट भाग पाहिला आणि तिने हंबरडा फोडला. मी तिला धरलं. तिने माझ्याकडे वर पाहिलं, माझे डोळे कोरडे होते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही.

"तुले काहीच वाटत नई?" ती म्हणाली. "भाऊना पाय कापाले सही दिधी, आन एक आसू नई? तुन्हं काळीज दगडनं शे का वं?"

पुढच्या गोळ्या आणायच्या होत्या. मी गेले.

भाऊही बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता. डबा घेऊन गेले की नर्सकडे बघून खायचा. नवरा म्हणायचा, "तू समजावून सांग ना त्याला." पण त्याला समजावण्यासारखं काही नव्हतं. त्याला रागवायला कुणीतरी हवं होतं. ट्रकवाला पळून गेला होता, मी समोर होते. मी रोज डबा नेत राहिले. एक दिवस त्याने विचारलं, "कालवणात मिरची कमी का टाकते?" मी म्हटलं, "तुला पुरे झाली असेल असं वाटलं." तो हसायला लागला, आणि मग हसता हसता पहिल्यांदा मोकळा रडला. मी त्याच्या कॉटवर बसून राहिले. तेव्हाही मला रडू आलं नाही. मलाच आता त्याची धास्ती वाटायला लागली होती. बाजूला ठेवलेली वस्तू नंतर शोधायला जावं आणि ती सापडू नये, तसं काहीतरी माझं झालं होतं. रात्री पडल्यावर मी मुद्दाम त्या दिवसाचा विचार करून बघायची. काही होत नसे. आई म्हणते ते खरं की काय, असं वाटायचं.

हॉस्पिटलातून भावाला आमच्याच घरी आणलं. आई-आबाही राहिले. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची, सासूबाईंशी मात्र तासन्‌तास. दोघी भाजी निवडत बसायच्या. त्या काय बोलत मला माहीत नाही. भाऊ काय बोलला ते मात्र नंतर कळलं. आईने एकदा त्याच्यासमोर माझ्या दगडाच्या काळजाचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला होता, "माय, मन्हा डोया सुजेल व्हतात, पण तिना हात मन्हा खांद्याले लागेल व्हता. असा थरथरे, असा थरथरे, की माले वाटनं हाईच पडी जाई. तरी तिनी सही कयी."

हरभरा काढायला आला तशी आई-आबांना गावी जाणं भाग होतं. भावाची पट्टी अजून चालू होती, तो आमच्याकडेच राहणार होता. सकाळच्या पॅसेंजरला त्यांना सोडायला मी उधना स्टेशनवर गेले. गर्दी बेताची होती. आबा आत जाऊन खिडकीशी बसले, पिशव्या लावून घेतल्या. आई खांद्याला आपली पिशवी लावून दारात उभी होती, मी खाली. भावाच्या गोळ्या, पट्टी, डॉक्टरांची वेळ, सगळं मी तिला पुन्हा सांगत होते. तिला सांगायचं कारणच नव्हतं, करणार मीच होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम खाली उतरली आणि तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं.

"पुरे," ती म्हणाली. "आते रडी ले. मी शे आठे."

मला वाटलं, नाही येणार. आणि मग जे आलं ते मला आवरेना. मी आईच्या खांद्यावर डोकं घालून अशी रडले की शेजारचा चहावाला किटली ठेवून उठून आला. टेम्पो, मिरच्या, पाण्यासाठी आसुसलेला भाऊ, पांघरुणाखालची सपाट जागा, सगळं एकदम आलं. शिट्टी झाली. आबा खिडकीतून ओरडले, "चढ! ओ, गाडी चालनी ना!" आई हलली नाही. मीच हुंदक्यांत म्हटलं, "आई, गाडी..." तिने माझं डोकं पुन्हा खांद्यावर दाबलं. गाडी हलली. आबांचा आवाज लांब लांब गेला.

आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. चहावाल्याने पैसे न घेता दोन कप दिले. चहा संपल्यावर आई म्हणाली, "तुन्हा बापनी भाकरी मन्हा पिशवीमा शेतीस." म्हणजे आबांची शिदोरी हिच्या पिशवीत राहिली होती. मला हसू फुटलं, तिलाही.

आबा पुढे चलथाण स्टेशनवर उतरले आणि दुपारी रिक्षा-टेम्पो करत धूळ खात परत आले. दारातूनच बोलायला सुरुवात केली. पिशव्या त्यांच्या एकट्याच्या गळ्यात, तिकीट फुकट, लोक काय म्हणाले असतील. आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते जेवता जेवता बोलत राहिले आणि कुणीही त्यांना अडवलं नाही. भाऊ आतल्या खाटेवरून ओरडला, "आबा, पाणी प्या आधी!"

दुसऱ्या दिवशी आबांनी आधी आईला गाडीत चढवलं आणि मग स्वतः चढले.